ऐकणाऱ्याचं स्टूल

आमच्या दुकानात ऐकणारा माणूस कामाकडे पाठ करून बसतो. हा नियम आमच्या वडिलांचा, रेडिओच्या काळातला. ते म्हणायचे, डोळे लबाड असतात. तपासायला ठोकायची काठी कुठे पडते ते दिसलं की कान आधीच ठरवून मोकळा होतो आणि नसलेला बिघाड सापडतो. म्हणून टेबलापासून दोन हातांवर एक उंच स्टूल आहे, भिंतीकडे तोंड केलेलं. त्यावर माझा थोरला भाऊ बसतो. त्याच्या पाठीमागे, टेबलाशी, मी.

वडील गेले, मागोमाग रेडिओही गेले, आणि मग गिटारवाले येऊ लागले. त्यांना गिटारचा आवाज मोठा करायला अजून काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प लागतात. का लागतात ते त्यांनाच ठाऊक, पण ते अ‍ॅम्प बिघडतात आणि ते दुरुस्त करणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत, त्यामुळे आमचं पोट भरतं. बिघाड शोधायची पद्धत तीच जुनी. अ‍ॅम्प उघडायचा, चालू ठेवून तापू द्यायचा, आणि पेन्सिलीएवढ्या लाकडी काठीनं बोर्डावरचा एकेक भाग हलकेच ठोकत जायचं. जिथे सोल्डरचा डाग सुटलाय किंवा तांब्याची रेघ तडकली आहे तिथे ठोकलं की स्पीकर खरखरतो. काठी लाकडाचीच हवी, कारण आत साडेचारशे व्होल्ट असतात आणि ते कोणाचे काका-मामा लागत नाहीत. दुसरा हात कमरेमागे ठेवायचा. मी ठोकते, ऐकणारा म्हणतो, “इथे.” मी तिथे खुणेचा ठिपका देते.

तीन वर्षांपूर्वी दादाचा उजवा हात थरथरायला लागला. एकदा त्यानं एका डागाशेजारचे दोन डाग वितळवले, काही न बोलता सोल्डरिंगची सळी स्टँडवर ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. तेव्हापासून डाग मी देते, काठी मी धरते, आणि तो फक्त ऐकतो. गिऱ्हाइकं अजून विचारतात, “काकांनी ऐकलं ना?” मी सकाळपासून कंबर मोडून बोर्ड पालथा केलेला असतो, पण कौतुक काकांच्या कानाचं. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं. मुलगा दूर देशी, वाचायची आवड नाही, पत्ते खेळायला मित्र नाहीत. दुकान दहाला उघडायचं आणि हा सव्वानऊला पायरीवर हजर असायचा.

माझा राग नाकावर असतो. दादा मला लहानपणापासून ठिणगी म्हणतो. मी लग्न केलं नाही. वहिनी म्हणते, कोणाचं तरी नशीब चांगलं होतं.

तर त्या दिवशी झिपरी आली. तिचं नाव आम्ही पावतीवर लिहिलं होतं, पण आमच्यात ती झिपरीच, कारण केसांमधून तिचा चेहरा कधी पुरता दिसत नाही. गाते, गिटार वाजवते, वय पंचविशीच्या आत. अ‍ॅम्प तिनं स्वतः उचलून आणला, तोही वीस किलोचा.

“काकू, अर्धा तास छान चालतो,” ती म्हणाली. “मग मागे काहीतरी कुरकुरायला लागतं. बारीक. कोणीतरी कागद चुरगाळतंय असं.”

“तापल्यावर?”

“हो, तापल्यावरच. मला पुढच्या महिन्यात रेकॉर्डिंग आहे. पहिलंच.”

दादानं मान डोलावली आणि स्टुलावर जाऊन बसला. मी नेहमीच्या पायऱ्या केल्या. पुढचे छोटे व्हॉल्व्ह एकेक करून काढले, कुरकुर तशीच. म्हणजे बिघाड त्यांच्या नंतर, मोठ्या व्हॉल्व्हकडे. मोठे बदलून पाहिले; तरी तशीच. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष, आता राहिला बोर्ड. या जातीच्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्हची बैठक थेट बोर्डावरच डागलेली असते. व्हॉल्व्ह तापतो, बोर्ड भाजतो, बंद केलं की गार होतो, आणि असं हजार वेळा झालं की डागाभोवती केसाएवढी गोल चीर पडते. बनवणाऱ्यानं पैसे वाचवले आणि आमची सोय केली.

मी काठी घेतली. टक, टक, टक. तिसऱ्या पिनेशी स्पीकर कुरकुरला. मी थांबले.

“इथे,” दादा म्हणाला.

ठिपका दिला. पुढे गेले. सातव्या पिनेशी पुन्हा कुरकुर. थांबले. “इथे.” सगळं रोजच्यासारखंच. पुढच्या बैठकीवर ठोकत असताना मला शिंक आली म्हणून मी मध्येच थांबले. स्पीकरमधून काही म्हणजे काही आलेलं नव्हतं.

“इथे,” दादा म्हणाला.

मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. शर्टाची शिवण खांद्यावर उसवली होती. मग मी मुद्दाम एका धडधाकट कपॅसिटरवर पाच-सहा टिचक्या दिल्या आणि हात आखडला. शांत.

“इथे,” तो म्हणाला. अगदी खात्रीनं.

नंतर मी तिसऱ्या पिनेवर परत गेले. कुरकुर चालू असतानाच न थांबता ठोकत राहिले, दहा वेळा, पंधरा वेळा. दादा काही बोलला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, मान थोडी तिरकी करून, काठी कधी थांबते त्याची वाट बघत बसला होता.

माझा स्वभाव असा की, मला लगेच राग आला. किती दिवस? सहा महिने? वर्ष? मी ठोकायची, मीच ऐकायची, आणि ‘इथे’ म्हणायचा मान याचा. पण मी काठी खाली ठेवली. अ‍ॅम्प बंद केला, कपॅसिटरमधला साठलेला करंट उतरवला, मीटर लावून खात्री केली, आणि त्या दिवसापुरतं काम झाकून ठेवलं.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. तो गॅलरीत होता. वहिनी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, “कळलं वाटतं तुला.”

“तुला माहीत होतं?”

“दाराची बेल ऐकू येत नाही त्यांना. फोनची येत नाही. माझं बोलणं अर्धं येतं, अर्ध्याला नुसते ‘हं’ म्हणतात. तुझं तेवढं सगळं कळतं, तू ओरडूनच बोलतेस म्हणून.”

“डॉक्टरकडे ने ना मग. यंत्र मिळतं कानाचं.”

“विषय काढला होता. दोन दिवस जेवले नाहीत.” तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. “हे बघ, तू काही बोलू नकोस. कोणाचं काही बिघडत नाहीये ना? तू ऐकतेस, ते म्हणतात. झाकली मूठ राहू दे. ते स्टूल गेलं तर मला माणूस दिसत नाही पुढे.”

मी कबूल केलं. घरी येताना मला स्वतःचं बरंच कौतुक वाटत होतं, हे सांगायला हवं. म्हणजे दुकानाचा हात मी, दुकानाचा कानही मीच, आणि वर एवढा मोठेपणा की भावाला कळूसुद्धा देत नाही. रस्त्याच्या कडेनं मी जरा ताठच चालत असेन.

दुसऱ्या दिवशी बोर्ड काढला. डाग खालच्या अंगाला असतात, म्हणून बोर्ड पालथा करायला सगळ्या बटणांचे नट सोडवावे लागतात, वायरी बाजूला वाकवाव्या लागतात. आठही पिनांचे जुने डाग उपसून नवे दिले, चकाकते, गोल. दुसऱ्या बैठकीचेही देऊन टाकले. बोर्ड परत बसवला, वायरी जिथल्या तिथे दाबल्या, चालू करून तासभर तापवला. सगळा बोर्ड ठोकला. कुठे न थांबता.

“स्वच्छ,” दादा म्हणाला.

मीही ऐकलं. स्वच्छच होता. झिपरी येऊन घेऊन गेली. काकांना वाकून धन्यवाद दिले तिनं; मला नुसतं हसली.

आठ दिवसांनी ती पुन्हा दारात, अ‍ॅम्पसकट, घामाघूम.

“कुरकुर गेली काकू, एकदम गेली. पण शिट्टी येते.”

“कसली शिट्टी?”

“बारीक. खूप वरची. सारखी चालूच असते. कान दुखतात माझे. आणि मोठे व्हॉल्व्ह जास्त तापतायत असं वाटतं.”

दादा स्टुलावर चढला. मी अ‍ॅम्प उघडून चालू केला. व्हॉल्व्ह लालसर झाले. तिघंही ऐकत राहिलो.

“शिट्टी-बिट्टी काही नाही,” दादा म्हणाला.

आणि खरंच नव्हती. मी स्पीकरच्या जवळ वाकून ऐकलं. नेहमीची हलकी घरघर, बस. मला वाटलं, पोरगी पहिल्या रेकॉर्डिंगला घाबरली आहे आणि अ‍ॅम्पवर ढकलते आहे. असली गिऱ्हाइकं आम्ही पुष्कळ पाहिलीत.

“घरी तुमच्या दुसरं काही चालू असेल,” मी म्हटलं. “पंखा, ट्यूबलाइट.”

“अहो, आत्ता वाजतेय,” ती म्हणाली. तिनं एका कानावर हात ठेवला होता. “आत्ता, या क्षणी. तुम्हाला खरंच येत नाहीये?”

“काकांनी ऐकलंय,” दादा स्वतःच म्हणाला, भिंतीकडे तोंड करून, जरा हसत. “चाळीस वर्षं ऐकतोय बाळा मी. असती तर सांगितली असती.”

ते हसणं मला झेपलं नाही. आठवडाभर मी जे दाबून ठेवलं होतं ते वर आलं. आता विचार करते तेव्हा वाटतं, दुसरं काहीही बोलता आलं असतं. त्याला कामाला पाठवता आलं असतं, मुलीला उद्या बोलावता आलं असतं. मी काय केलं, तर काठी टेबलावर आपटली.

“तू काय सांगणार? तुला ऐकू येतं का काही? माझी काठी थांबली की ‘इथे’ म्हणतोस. मी उगाच थांबले तरी ‘इथे’ म्हणतोस. तपासलंय मी. वर्षभर माझ्या जिवावर ऐकतोयस, दादा.”

झिपरी खाली बघू लागली. दादाची पाठ तशीच राहिली, फक्त मान सरळ झाली. मग तो स्टुलावरून उतरला, आणि मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा, ऐकणं चालू असताना, टेबलाकडे वळला.

“बरं,” तो म्हणाला. आवाज अगदी साधा. “तुला येते का शिट्टी?”

“नाही. कारण ती नाहीच आहे.”

“ही म्हणते आहे.”

“ही काहीही म्हणेल.”

“यंत्र लाव,” दादा म्हणाला.

यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप. आवाजाची लाट पडद्यावर हिरव्या रेषेनं दाखवतो. चार वर्षांपूर्वी मी जुन्यात घेतला होता. तेव्हा दादा म्हणाला होता, हातच्या कांकणाला आरसा कशाला, आणि चार दिवसांत मीही तो वापरायचा सोडून दिला. मी त्याचीच बहीण. त्याच्यावर चादर टाकलेली होती, चादरीवर स्क्रूचे डबे. मी तावातावानं डबे खाली ठेवले, चादर ओढली, स्पीकरच्या दोन तारांवर चिमटे लावले. गिटार जोडलेली नव्हती, तेव्हा पडद्यावर सरळ रेघ यायला हवी होती, आणि ती रेघ मला दोघांच्या नाकासमोर धरायची होती.

रेघ आली नाही. बोटभर जाड हिरवा पट्टा आला.

मी बटण फिरवलं, पट्टा ताणला. त्याच्या लाटा झाल्या. एकसारख्या, रेखीव, एकामागून एक. चौकटी मोजल्या. सेकंदाला अकरा हजार. इतकी वरची शिट्टी, वय झालं की कानाला सगळ्यात आधी न येणारी, आणि ती चांगली मोठ्यानं वाजत होती. खोलीत मात्र नेहमीची घरघर. मी कान स्पीकरला लावला, अगदी कापडाला. काही नाही. बाजूला दादा उभा होता, तो पडद्याकडे बघत होता. बिघाड समोर नाचत होता आणि एवढ्याशा दुकानात तो एका पोरीलाच ऐकू येत होता.

“थांबली की सांग,” मी तिला म्हटलं. माझा आवाज मलाच कसातरी वाटला.

काठी घेतली. ठोकायची गरज नव्हती, डोळ्यांनाच दिसलं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरकडून येणारी तपकिरी वायर पुढच्या छोट्या व्हॉल्व्हच्या वायरीला टेकून पडली होती. शेवटच्या टोकाचा आवाज सुरुवातीच्या टोकात पुन्हा शिरत होता आणि अ‍ॅम्प स्वतःशीच शिट्टी मारत होता. बोर्ड परत बसवताना ती वायर मीच तिथे दाबली होती. काठीच्या टोकानं ती उचलून कडेला सरकवली. पट्टा मिटला, सरळ रेघ झाली.

“गेली,” झिपरी म्हणाली. मोठा श्वास सोडला तिनं.

आम्हा दोघांना काहीच फरक कळला नाही.

मी वायर पट्टीनं बांधली, अ‍ॅम्प बंद केला, झाकण लावलं. झिपरीनं विचारलं, किती द्यायचे. मी हातानंच नको म्हटलं. जाताना तिनं दादाला वाकून नमस्कार केला, नेहमीसारखा. त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, “रेकॉर्डिंग चांगलं होऊ दे.” मग तो तिच्या मागोमागच बाहेर पडला. पावणेबारा वाजले होते. तो डबा विसरून गेला.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला पायरीवर कोणी नव्हतं. दहालाही नाही. मी दोन अ‍ॅम्प तपासले, यंत्र लावून. अर्ध्या वेळात झाले. त्या यंत्रानं मला एकदाही विचारलं नाही की वडील असते तर काय म्हणाले असते. तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. “ते म्हणतात, आता यंत्र आहे,” एवढंच बोलली. मला वचन मोडल्याबद्दल बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी कुलूप लावून गेले. वाटेत वाक्य तयार केलं होतं. दादा, मी चुकले. ती वायर माझी, आणि त्या मुलीसमोर बोलले तेही माझंच चुकलं. मलाही ऐकू येत नाही. आपण दोघं जाऊ डॉक्टरकडे. उद्या दुकानात ये. पाचच वाक्यं. मी आयुष्यात कधी कोणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे सराव करत गेले.

दादा बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसला होता. टीव्हीचा आवाज इतका मोठा होता की खिडकीची काच थरथरत होती. बातम्यांत चार माणसं एकदम भांडत होती. रिमोट त्याच्या मांडीखाली. मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

“दादा, मी चुकले.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. कानामागे हात नेला.

“मी चुकले म्हणतेय,” मी जरा मोठ्यानं म्हटलं.

त्यानं मान हलवली, नाही कळलं. टीव्हीतला एक जण टेबल ठोकत होता. मी खुणेनं रिमोट मागितला, ती खूण त्याला दिसली नाही किंवा त्यानं रिमोट दिला नाही. मग मी आवाज चढवला. मला दुसरं काही येतच नाही. मी पुढे वाकले, कपाळाच्या शिरा ताणून ओरडले की मी चुकले, वायर माझी होती, मलाही ऐकू येत नाही, ऐकतोयस का तू, मी चुकले. माझे हात हवेत उडत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते रागाचंच दिसलं असणार. तो माझा चेहरा बघत होता. आता त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर होता.

वहिनी आतून धावत आली. “आता घरात येऊनही भांडणार का तू? जे करायचं ते केलंस ना?” तिनं दादाच्या मांडीखालून रिमोट ओढला आणि टीव्ही बंद केला.

खोली एकदम शांत झाली. मी तोंड उघडं ठेवून बसले होते.

“राहू दे,” दादा तिला म्हणाला. “ओरडू दे तिला. बरोबरच बोलतेय ती.”